उभारी : एक शब्द आणि धारवाडची दोन बालपणे

धारवाडला प्राथमिक शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात बालविकासावर बोलण्याची पाळी माझ्यावर आली होती. विषयपत्रिकेत इंग्रजी शब्द होता : रेझिलियन्स. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकजणी कन्नड शाळांतल्या, काही उर्दू शाळांतल्या आणि आम्ही पाचसहाजणी मराठी शिकवणाऱ्या. मी बोलायला उभी राहिले तोच मागच्या बाकावरून एका तरुण शिक्षिकेने विचारले, ‘‘बाई, ह्याला आपल्या मराठीत काय म्हणायचं?’’ मी तयारी पुष्कळ केली होती, पण या प्रश्नाची केली नव्हती. वर्गालाच विचारून फळ्यावर चार शब्द लिहिले : सोशिकता, जिद्द, चिवटपणा, लवचिकता. त्या दिवशी त्यांपैकी एकही शब्द मला पटला नाही आणि का पटत नाही हेही नीट सांगता आले नाही. तो खुलासा आता करीत आहे. एका पारिभाषिक शब्दाचा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मुलाकडे आपण कोणत्या शब्दाने पाहतो त्यावर आपण त्याच्यासाठी काय करतो, आणि काय करायचे टाळतो, हे ठरते. माझ्या हातून एकदा असे टाळणे घडले आहे. ते पुढे सांगेन.

१. शब्दांची पारख

‘सोशिकता’ म्हणजे सोसण्याची शक्ती. आपल्याकडे ती बहुतेक वेळा सुनांमध्ये, विधवांमध्ये आणि थोरल्या बहिणींमध्ये शोधली गेली. सोसणारे मूल वाढतेच असे नाही. पुष्कळदा ते फक्त गप्प होते. ‘जिद्द’ हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी विरोध, हट्ट हा अर्थ आहे. जिद्द ज्याची त्याची असते, ती दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून ‘जिद्दी मूल’ म्हटले की भोवतालची माणसे आपोआप जबाबदारीतून सुटतात. ‘चिवट’ वस्तू तुटत नाही, पण वाढतही नाही. ‘लवचिक’ वस्तू वाकते आणि पूर्वीच्या आकारात परत येते. बाप गेलेल्या मुलाला पूर्वीच्या आकारात परत यायची सोय नसते. त्याला आहे तिथून पुढे वाढायचे असते.

मला आज योग्य वाटतो तो शब्द शेतातला आहे : उभारी. दोन आठवडे पावसाने ओढ दिलेल्या ज्वारीने पाऊस पडताच ‘उभारी धरली’, असे आपण म्हणतो. आजारातून उठलेल्या माणसाच्या मनाला ‘उभारी येते’. आणि तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा : कुणी कुणाला ‘उभारी देतो’. धरणे, येणे आणि देणे ही तिन्ही क्रियापदे या एकाच शब्दाला लागतात. मुलात काहीतरी असते, पण बाहेरूनही काहीतरी यावे लागते, हे आपल्या भाषेला ठाऊक होते. जिद्द देता येत नाही. उभारी देता येते.

दुसरा शब्द ‘जोखीम’. आज आपण तो धोका या अर्थाने वापरतो. जुन्या बोलीत त्याला आणखी एक अर्थ होता आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी तो अजून ऐकू येतो. ‘अंगावर जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको,’ असे आजी म्हणे तेव्हा जोखीम म्हणजे दागिने, जवळचा मौल्यवान ऐवज. ज्याला जपायचे तेही जोखीम आणि ज्यापासून जपायचे तेही जोखीम. मुलांविषयी बोलताना हा दुहेरी अर्थ मनात ठेवावा असे मला वाटते.

२. अभ्यासकांनी काय पाहिले

या विषयावरील पाश्चात्त्य अभ्यासांपैकी दोनतीन गोष्टी प्रत्येक शिक्षकाला माहीत असाव्यात.

हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ यांनी हाती घेतला. ही मुले चाळिशीला पोचेपर्यंत तो चालला. त्यांतील सुमारे एकतृतीयांश मुले जोखमीची ठरली. घरचे दारिद्र्य, जन्माच्या वेळचा त्रास, आईबापांतील कलह, व्यसन, मानसिक आजार अशा चार किंवा अधिक गोष्टी त्यांच्या वाट्याला दोन वर्षांची होण्याआधीच आल्या होत्या. त्यांतील तीनपैकी दोन मुलांना पुढे शिक्षणात किंवा वागणुकीत गंभीर अडचणी आल्या. तिसरे मूल मात्र धड, कर्ते आणि माया लावणारे माणूस झाले. या तिसऱ्या मुलांजवळ काय होते? स्वभावाची थोडी अनुकूलता होती. पण त्याबरोबर घरातले किमान एक माणूस होते, ज्याने त्यांना घट्ट धरून ठेवले. ते आईबापच असतील असे नाही. आजी, मावशी, थोरले भावंडही असे. घराबाहेर एखादा शिक्षक, शेजारी किंवा देवळा-चर्चमधले वडीलधारे माणूस होते. आणि काहीतरी जबाबदारीचे काम होते, ज्यामुळे आपण कुणाच्या उपयोगी पडतो असे त्यांना वाटे.

कवाईच्या अभ्यासाचा एक भाग कमी सांगितला जातो. किशोरवयात घसरलेल्या मुलांपैकी बरीचशी पुढे तिशी-चाळिशीत सावरली. नोकरी, पुन्हा घेतलेले शिक्षण, चांगला जोडीदार अशी दुसरी संधी त्यांना मिळाली होती. म्हणजे दहावीत गेलेले मूल कायमचे गेले असे मानायचे कारण नाही.

इंग्लंडमध्ये मायकेल रटर यांनी आइल ऑफ वाइट बेटावर आणि लंडन शहरात मुलांच्या अडचणींची मोजदाद केली. कौटुंबिक जोखमींपैकी एखादीच असेल तर मुलाचे फारसे बिघडत नाही, पण दोन, तीन, चार एकत्र आल्या की धोका बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो, असे त्यांना आढळले. शिक्षकाच्या दृष्टीने यात मोठा दिलासा आहे. मुलाच्या डोक्यावरची सगळी ओझी आपण उतरवू शकत नाही. पण चारांतले एक उतरवले तरी फरक पडतो. दुपारचे जेवण शाळेत मिळाले, तर एक उतरले. चष्मा मिळाला, तर आणखी एक.

अमेरिकेतील अ‍ॅन मास्टन यांनी २००१ साली या सगळ्याचे सार काढताना म्हटले की यात अलौकिक असे काही नाही. माणसांच्या रोजच्या, साध्या व्यवस्था चालू राहिल्या की मुले सावरतात. या व्यवस्था म्हणजे माया करणारे माणूस, शाळा, मित्र, शिकण्याची संधी. त्या मोडल्या की बुद्धिमान मूलही कोसळते.

हे सगळे दूरच्या बेटांवरचे. आमच्या हुबळी-धारवाडमध्ये याचा पडताळा येतो का, हे पाहण्यासाठी मी दोन बालपणे निवडली आहेत. दोन्ही सर्वांच्या परिचयाच्या माणसांची आहेत.

३. शुक्रवारपेठेतली मुलगी

गंगूबाई हनगल यांचा जन्म धारवाडचा, ५ मार्च १९१३ चा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या, आजी कमलाबाई. वडील चिक्कूराव नाडिगेर. गाणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेली मुलगी, शुक्रवारपेठेतल्या ब्राह्मण वस्तीजवळ राहणारी. रस्त्याने जाताना टोमणे ऐकणे हा तिचा रोजचा अनुभव. एकदा शेजारच्या बागेतले आंबे घेतले म्हणून बोलणी बसली. पुढे गंगूबाई सांगत की मालकाला चोरीचा राग नव्हता. गाणाऱ्या बाईची मुलगी आपल्या बागेत शिरली याचा होता. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींसमोर गाणाऱ्या मुलींत ती होती. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्या प्रसंगाच्या आठवणीत गाण्याइतकीच एक भीतीही होती : जेवणाच्या वेळी आपल्याला वेगळे तर बसवणार नाहीत ना, उष्टी तर काढायला लावणार नाहीत ना.

जोखमींची यादी करायला बसले तर ती लांबते. जातीचा आणि व्यवसायाचा कलंक, बेताचे शिक्षण, कोवळ्या वयात अंगावर आलेला संसार. ऐन विशीच्या उंबरठ्यावर आईही गेली. आता दुसरी यादी करू.

मुलीचा कान हिंदुस्थानी गाण्याकडे आहे, रस्त्यावरून जोहराबाईंची ध्वनिमुद्रिका ऐकू आली की ती घराबाहेर धावते, हे आईने ओळखले. तिला शिकायला मिळावे म्हणून १९२८ साली कुटुंब धारवाड सोडून हुबळीला आले. आणि मुलीच्या गळ्यावर दुसऱ्या पद्धतीचे संस्कार मिसळू नयेत म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे कर्नाटक गाणे बाजूला ठेवले. हा त्याग केवढा असेल याची कल्पना गाणाऱ्यालाच येईल. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई ज्यांचे गाणे ऐकायला घरी येत, त्या बाईने मुलीसाठी गळा बंद केला.

मग गुरू. कृष्णाचार्य हुलगूर, दत्तोपंत देसाई आणि शेवटी कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे मराठी रंगभूमी गाजवलेले सवाई गंधर्व. हुबळीहून कुंदगोळ जवळ असले तरी तालीम आटोपून रोज आगगाडीने परतायचे म्हणजे उशीर होई. स्टेशनपर्यंत सोबत करायला गुरुगृही राहणारा एक कोवळा विद्यार्थी येत असे. हा विद्यार्थी म्हणजे भीमसेन जोशी. तोही लहान वयात गाण्यापायी घर सोडून पळालेला. दोन जोखमीची मुले एका वाटेवर एकमेकांना सोबत करीत होती. दोघांच्याही चरित्रात हा प्रसंग लहानसा असेल, बालविकासाच्या अभ्यासात तो लहान नाही. सोबत ही उभारीची पहिली पायरी आहे.

आता या दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर काय दिसते? गंगूबाईंच्या अंगी जिद्द होतीच, ती कोण नाकारील. पण त्या जिद्दीला आई, बदललेले गाव, वर्षानुवर्षे शिकवणारा गुरू, रात्रीची सोबत आणि पुढे श्रोते मिळत गेले. १९७१ साली पद्मभूषण, २००२ साली पद्मविभूषण मिळालेल्या या बाई उतारवयातही तो आंब्याचा प्रसंग सांगत आणि वर सांगत की तीच माणसे आता मला घरी पंगतीला बोलावतात. ते त्या हसून सांगत. तरी सत्तर वर्षांनीही आंबा विसरला नव्हता. उभारी धरली म्हणजे जखम पुसली, असा अर्थ कुणी घेऊ नये.

४. अंबिकेचा मुलगा

दुसरे बालपण दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे. जन्म धारवाड, ३१ जानेवारी १८९६. घरची भाषा मराठी, दाराबाहेरची कन्नड. वडील लहानपणीच गेले. आई अंबिका आणि आजी यांनी कष्ट करून मुलाला वाढवले. पुढे काकांच्या आधाराने तो पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकला आणि १९१८ साली पदवीधर होऊन धारवाडला शिक्षक म्हणून परतला. कन्नड कवितेत त्याने नाव घेतले अंबिकातनयदत्त, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. बापाच्या नावाने चालणाऱ्या समाजात कवीने स्वतःला आईच्या नावाने ओळखवावे, यात आपल्याला कुणी उभे केले याची नोंद आहे असे मी मानते.

मराठी शिकवणारी म्हणून मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. घरची भाषा एक आणि गावाची दुसरी, ही स्थिती आजही हुबळी-धारवाडच्या हजारो मुलांची आहे. मराठी, उर्दू, कोकणी, तेलुगू घरांतली मुले रस्त्यावर कन्नड बोलतात. दोन भाषांमुळे मूल गोंधळते, मागे पडते, असे पालक काळजीने विचारतात. बेंद्रे यांना १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार ‘नाकु तंती’ या कन्नड काव्यसंग्रहासाठी मिळाला आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. दुसऱ्या भाषेने त्यांचे काही हिरावून घेतले नाही. त्यांच्या कवितेतली कन्नड धारवाडच्या गल्लीतली, बायकामाणसांच्या तोंडची आहे. ती भाषा त्यांना गावाने दिली, आणि कवी झाल्यावर धारवाडच्याच ‘गेळेयर गुंपु’ या मित्रमंडळाने ऐकणारे कान दिले.

दुसरी भाषा ही जोखीम नसते. घरची भाषा वर्गात हसण्याचा विषय झाली की मात्र ती जोखीम होते. ‘भ्या’ म्हणणाऱ्या मुलाला ‘भीती’ हा शब्द शिकवता येतो. पण आधी त्याची भीती ऐकून घ्यावी लागते.

५. ज्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत

इथे एक सावधगिरी हवी. शुक्रवारपेठेत त्या काळी गाणाऱ्या बायकांच्या आणखीही मुली असतील. कुणाच्या आईला गाव बदलणे जमले नसेल, कुणाला गुरू मिळाला नसेल. त्यांच्या अंगी जिद्द नव्हती म्हणून त्या मागे राहिल्या असे म्हणायला आपल्याजवळ काय आधार आहे? आपण उभ्या राहिलेल्यांचीच चरित्रे वाचतो आणि त्यावरून नियम काढतो. कवाईच्या अभ्यासात तीनपैकी दोन मुले होती, तीही लक्षात ठेवली पाहिजेत.

माझ्या वर्गात बऱ्याच वर्षांपूर्वी अशी एक मुलगी होती. बाप नव्हता. आई कामासाठी गोव्याला, सणावाराला येई. घरी म्हातारी आजी आणि दोन धाकटी भावंडे. ही पहाटे उठून नळाचे पाणी भरायची, भावंडांना आवरून शाळेत सोडायची आणि घंटेच्या आधी वर्गात हजर असायची. वही नीटनेटकी, अक्षर सुरेख. मला तिचे फार कौतुक. एकदा प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर तिला उभी करून मी म्हणाले, ‘‘जिद्द म्हणजे काय ते हिच्याकडून शिका.’’ टाळ्या वाजल्या. त्यानंतर मी वर्गातल्या दंगेखोर मुलांच्या घरी गेले, नापास होणाऱ्यांच्या घरी गेले. हिच्या घरी गेले नाही. हिची काळजी करायचे कारणच नव्हते. दहावीच्या सहामाहीनंतर ती यायची थांबली. शाळेने पटावरून नाव कमी केले. मीही दोनदा निरोप धाडला आणि सोडून दिले.

सातआठ वर्षांनी हुबळीच्या सीबीटी स्थानकावर तिनेच मला ओळखले. कडेवर मूल होते. बोलता बोलता मी विचारले, त्या वेळी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही सगळ्यांपुढं शाबास म्हणला ना, तवापासनं मला लई भ्या वाटायचं. आता काय चुकलं तर बाईंना सांगायचं कसं, असं.’’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बस आली आणि ती गेली.

मी तिला जे दिले ते कौतुक होते. उभारी दिली नव्हती. कौतुकाने तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवले : खंबीर दिसण्याचे. जोखमीच्या मुलांपैकी जी दंगा करतात ती निदान दिसतात. जी नीटनेटकी असतात ती आपल्या नजरेतून सुटतात. हे मला पुस्तकात वाचून कळले नाही.

६. लिहिणाऱ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी

दरवर्षी निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक वाक्य येते : अमुकने बिकट परिस्थितीवर मात करून इतके गुण मिळवले. या वाक्याचे व्याकरण पाहावे. कर्ता एकच मूल, आणि समोर ‘परिस्थिती’ नावाचे काहीतरी, जणू ते पावसासारखे आभाळातून पडले. मुलाला दिवे लागेपर्यंत आपल्या ओसरीवर अभ्यासाला बसू देणारी शेजारीण या वाक्यात नाही. फी भरणारा मामा नाही. आणि शिष्यवृत्ती वेळेवर न देणारे कार्यालयही नाही. लिहिणाऱ्याने एवढे केले तरी पुरे : ‘मात केली’ असे लिहिण्याआधी ‘कुणाकुणाच्या आधाराने’ आणि ‘कुणी करायचे राहून गेल्यामुळे’ हे दोन प्रश्न विचारावेत. असे लिहिले तर मुलाचे श्रेय कमी होत नाही.

शिकवणाऱ्यांसाठी मला अनुभवातून सुचलेल्या चार गोष्टी :

एक, शाबासकी कामाला द्यावी, सोसण्याला देऊ नये. ‘हा निबंध छान उतरला’ हे म्हणावे. ‘तू किती खंबीर आहेस’ हे म्हणू नये.

दोन, पटावरच्या प्रत्येक नावापुढे मनाशी विचारावे की या मुलाचे गाऱ्हाणे ऐकणारे एक मोठे माणूस कोण आहे. ज्या नावापुढे उत्तर सुचत नाही, त्या घरी आधी जावे. ते मूल पहिल्या क्रमांकाचे असले तरी.

तीन, मुलाला झेपेल एवढी जोखीम घेऊ द्यावी. झाडावर चढणे, खेळात हरणे, नाटकात भाषण विसरणे, यांतून मूल शिकते. पण उपास, मार आणि अपमान यांनी मूल घडते हा समज सोडून द्यावा.

चार, आपल्या शक्तीबाहेरचे असेल तर एकट्याने वाहू नये. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था १८४५ पासूनची. तिथे मुलाला नेणे म्हणजे त्याला ‘वेडे’ ठरवणे, ही भीती आपणच पालकांच्या मनातून काढायची आहे.

स्वाध्याय

१. ‘उभारी’ हा शब्द धरणे, येणे आणि देणे या तीन क्रियापदांसह तीन वाक्यांत वापरा. प्रत्येक वाक्यात कर्ता कोण आहे ते सांगा.

२. तुमच्या बोलीत ‘जोखीम’ या शब्दाचे कोणते अर्थ चालतात? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

३. निकालाच्या दिवशीची ‘परिस्थितीवर मात’ अशी एखादी बातमी घ्या. त्या मुलाला आधार देणारी माणसे आणि न मिळालेले आधार यांची नावे न घेता माहिती मिळवून ती बातमी पुन्हा लिहा.

४. तुम्ही लहान असताना तुम्हाला सोबत करणारे एक माणूस आठवा. आईवडील सोडून. त्या माणसाने नेमके काय केले ते दहा ओळींत लिहा.

चौथा प्रश्न त्या उजळणी वर्गात मी ऐनवेळी दिला होता. कागद गोळा केले तेव्हा दिसले की थोर उपकारांविषयी कुणीच लिहिले नव्हते. एकीने पावसात छत्री धरणाऱ्या दुकानदाराविषयी लिहिले होते, एकीने वही संपली की पाठकोरे कागद शिवून देणाऱ्या शिपायाविषयी. एक कागद कोरा होता. तो कुणाचा, हे मी वर्ग सुटण्याआधी शोधून काढले.